टायटॅनिकवरील धर्मगुरू : फादर थॉमस बाइल्स



१९९७ साली आलेला ‘टायटॅनिक’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बोट बुडू लागली आहे, तिचे मागचे टोक वर उचलले गेले आहे आणि तिथे काही घाबरलेली माणसे एका धर्मगुरूंचा हात घट्ट धरून प्रार्थना करीत आहेत, असे एक लहानसे दृश्य त्यात आहे. काही क्षणांत ते निघून जाते आणि आपण पुन्हा नायक-नायिकेच्या कथेत गुंतून जातो. ती नायक-नायिका काल्पनिक आहेत. धर्मगुरू मात्र खरे आहेत. त्यांचे नाव फादर थॉमस बाइल्स. इंग्लंडमधील एका छोट्या धर्मग्रामाचे ते प्रमुख धर्मगुरू होते आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते.

शोधाची वाट

२६ फेब्रुवारी १८७० रोजी इंग्लंडमधील लीड्स या शहरात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव रसेल डेव्हिड्स बाइल्स. सात भावंडांत ते थोरले. वडील प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते. त्यामुळे घरात बायबलवाचन आणि प्रार्थना नित्याचीच होती. रसेल हुशार होते. १८८९ साली त्यांना ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध बॅलिओल कॉलेजात प्रवेश मिळाला.

ऑक्सफर्डमध्ये ते ईशज्ञानाचा अभ्यास करू लागले आणि त्यांच्या मनात अनेक प्रश्न उभे राहिले. ख्रिस्तसभेचा मूळ प्रवाह कोणता, याचा शोध त्यांना स्वस्थ बसू देईना. प्रथम ते अँग्लिकन पंथाकडे वळले, पण तिथेही मन ठरेना. त्यांचा धाकटा भाऊ विल्यम याने त्यांच्या आधीच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. अखेर १८९४ साली रसेल यांनीही कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि थॉमस हे नाव घेतले. एका पाळकाच्या थोरल्या मुलाने असा निर्णय घेणे त्या काळी सोपे नव्हते.

पुढे आपण धर्मगुरू व्हावे असे त्यांना वाटू लागले. परंतु प्रकृती साथ देत नव्हती. काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. १८९९ साली ते रोमला गेले. उशिराने पाचारण झालेल्या इंग्रज तरुणांसाठी तिथे बेडा कॉलेज होते. तिथे अभ्यास पूर्ण करून १९०२ साली त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

ऑन्गरचे फादर

१९०५ साली त्यांची नेमणूक एसेक्स परगण्यातील चिपिंग ऑन्गर या गावी, संत हेलेना यांच्या नावाच्या चर्चमध्ये झाली. गाव शेतीवाडीचे. कॅथलिक कुटुंबे थोडी आणि बहुतेक गरीब. ऑक्सफर्ड आणि रोममध्ये शिकलेल्या माणसाला अशा ठिकाणी पाठवले, तर कुणाला ती शिक्षा वाटली असती. फादर थॉमस मात्र तिथे रमले. आजारी माणसांच्या घरी जाणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, ही कामे ते मन लावून करीत. गावातील तरुणांना ते मुष्टियुद्धाचे धडेही देत. नाजूक प्रकृतीचे, चष्मा लावणारे, विद्वान फादर पोरांना ठोसे कसे मारावेत हे शिकवताहेत, हे चित्र गमतीचे वाटते खरे; पण पोरे त्यामुळेच त्यांच्याभोवती जमत असत.

अशी सात वर्षे गेली. वर्तमानपत्रात नाव यावे असे त्यात काही घडले नाही.

भावाचे लग्न

विल्यम दरम्यान अमेरिकेत स्थायिक झाला होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचे लग्न ठरले. आपले लग्न थोरल्या भावानेच लावावे अशी त्याची इच्छा होती. फादर थॉमस यांनी आनंदाने होकार दिला. आधी त्यांचे तिकीट दुसऱ्या बोटीचे होते. नंतर ते बदलून टायटॅनिकचे दुसऱ्या वर्गाचे झाले.

बुधवार, १० एप्रिल १९१२ रोजी साउथॅम्प्टन बंदरातून टायटॅनिक आपल्या पहिल्याच प्रवासाला निघाली. लांबी २६९ मीटर, वजनमाप ४६ हजार टनांहून अधिक. त्या काळची ती जगातील सर्वांत मोठी बोट होती. त्याच दिवशी बोटीवरून फादरांनी आपल्या घरकाम पाहणाऱ्या बाईंना एक पत्र लिहिले. ते पत्र आज उपलब्ध आहे. त्यात मोठे विचार नाहीत. प्रवासात छत्री हरवली, समुद्र खवळलेला दिसतो पण बोट हलत नाही, यंत्रांची थरथर तेवढी आवडत नाही, बोटीवर आणखी दोन धर्मगुरू आहेत, उद्या बंदर येणार असल्यामुळे मिस्सा करता येणार नाही, पण त्यानंतर अडचण नाही, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत.

ते दुसरे दोन धर्मगुरू म्हणजे बव्हेरियातील बेनेडिक्टाइन संघाचे फादर योसेफ पेरुशिट्झ आणि लिथुएनियाचे तरुण फादर युओझास माँटविला.

रविवारची मिस्सा

१४ एप्रिल हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. आज आपण तो दिव्य करुणेचा रविवार म्हणून साजरा करतो. त्या सकाळी फादर थॉमस यांनी दुसऱ्या वर्गाच्या दिवाणखान्यात मिस्सा साजरी केली आणि नंतर ते तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांकडे गेले. तिथे आयर्लंडचे शेतकरी होते, युरोपच्या निरनिराळ्या देशांतील मजूर आणि लेकुरवाळ्या बाया होत्या. घरदार विकून, अमेरिकेत पोट भरेल या आशेवर ते निघाले होते. फादर थॉमस यांनी इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये प्रवचन केले. फादर पेरुशिट्झ यांनी जर्मन आणि हंगेरियन भाषांत केले. संकटकाळी आत्म्याला प्रार्थनेचा आधार हवा, असा प्रवचनाचा आशय होता, असे नंतर सांगितले गेले.

त्या दिवशी वाटेतील बर्फाविषयी इतर बोटींकडून बिनतारी यंत्रावर अनेक इशारे आले होते. तरीही टायटॅनिकचा वेग कमी करण्यात आला नाही.

ती रात्र

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगाला घासली. त्या वेळी फादर थॉमस वरच्या डेकवर आपल्या प्रार्थनापुस्तकातील प्रार्थना म्हणत फेऱ्या मारीत होते, असे सांगतात.

बोटीवर सुमारे २,२०० माणसे होती आणि लाइफबोटी होत्या फक्त २०. त्या काठोकाठ भरल्या असत्या तरी १,१७८ माणसेच मावली असती. यात कंपनीने कायदा मोडला होता असे नाही. ब्रिटनचा नियम जुना होता. दहा हजार टनांवरील बोटीला १६ लाइफबोटी पुरेत, असे तो सांगत होता. टायटॅनिक त्याच्या चौपटीहून मोठी होती, पण नियम तोच राहिला. त्यात पहिल्या काही होड्या अर्ध्या रिकाम्याच खाली सोडल्या गेल्या, कारण एवढी मोठी बोट बुडेल यावर सुरुवातीला कुणाचा विश्वासच बसत नव्हता.

सर्वांत वाईट अवस्था तिसऱ्या वर्गाची होती. लाइफबोटी वरच्या डेकवर आणि ही माणसे खाली. वाट लांब आणि वळणावळणाची. कित्येकांना इंग्रजी येत नव्हते. नेमके काय घडले आहे, कुठे जायचे आहे, हे त्यांना सांगणारे फार थोडे होते.

फादर थॉमस खाली त्यांच्याकडे गेले. वाचलेल्या काही आयरिश स्त्रियांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी : लोक घाबरून गोंधळले असताना फादर हात उंचावून त्यांच्यामध्ये आले. त्यांनी सगळ्यांना शांत केले, पापक्षमा दिली आणि रोझरी सुरू केली. बायका-मुलांना घेऊन ते वर लाइफबोटींपर्यंत आले, त्यांना होडीत बसवले, धीर दिला. एका खलाशाने त्यांना जीव वाचवायला होडीत बसण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. पुन्हा सांगितले, पुन्हा नकार दिला. होडी बोटीपासून दूर गेल्यावरही त्यांचा प्रार्थनेचा आवाज आणि लोकांचा प्रतिसाद पाण्यावरून ऐकू येत होता, असे त्या स्त्रिया सांगत.

होड्या संपल्यावर मागे उरलेले लोक बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकत गेले. शंभराहून अधिक माणसे फादरांभोवती गोळा झाली होती, असे सांगितले जाते. त्यांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, यहुदीही होते. कुणाला आता पापनिवेदन करायचे होते, तर कुणाला फक्त एक हात धरायला हवा होता. फादर पेरुशिट्झही तिथेच होते. रात्री २ वाजून २० मिनिटांनी टायटॅनिक समुद्रात नाहीशी झाली. पाणी गोठणबिंदूच्याही खाली होते. सुमारे १,५०० माणसे दगावली. तिन्ही धर्मगुरू त्यांत होते. फादर थॉमस यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

एक हिशेब मन विषण्ण करतो. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातील मुलांपैकी केवळ एक मूल मरण पावले. तिसऱ्या वर्गातील मात्र पन्नासच्या आसपास मुले गेली. म्हणूनच फादर थॉमस त्या रात्री कोणत्या लोकांकडे गेले, हे लक्षात ठेवायला हवे.

मागे राहिलेले

ब्रुकलिनमध्ये विल्यम आपल्या भावाची वाट पाहत होता. वाचलेल्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. लग्न पुढे ढकलले गेले नाही. दुसऱ्या धर्मगुरूंनी ते लावले. त्यानंतर वधूवर घरी गेले, लग्नाचे कपडे उतरवून त्यांनी काळे कपडे घातले आणि ते फादर थॉमस यांच्या आत्म्यासाठी मिस्साला पुन्हा चर्चमध्ये आले. पुढे हे दांपत्य रोमला गेले असता पोप दहावे पायस यांनी त्यांच्या भावाला हुतात्मा म्हटले, अशी आठवण सांगितली जाते.

ऑन्गरच्या चर्चमध्ये भावांनी फादरांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. तिच्यात मधोमध उत्तम मेंढपाळ प्रभू येशू आहे. २०१५ साली त्याच चर्चच्या धर्मगुरूंनी फादर थॉमस यांना धन्यवादित घोषित करावे यासाठी प्रयत्न सुरू केल्याचे जाहीर केले.

जगानेही या दुर्घटनेतून धडा घेतला. १९१३ साली लंडनमध्ये अनेक राष्ट्रांची परिषद भरली. बोटीवरील प्रत्येक माणसासाठी लाइफबोटीत जागा असलीच पाहिजे, बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस माणूस हवा आणि अटलांटिकमधील हिमनगांवर पहारा हवा, असे तिथे ठरले. हे सारे दीड हजार जीव गेल्यावर ठरले.

आपण म्हणू, असे मरण संतांनाच जमते. पण फादर थॉमस यांचे आयुष्य पाहिले की वाटते, त्या रात्री त्यांनी नवीन असे काहीच केले नाही. घाबरलेल्याजवळ जाणे, पापक्षमा देणे, लोकांना घेऊन रोझरी म्हणणे, हे सारे ते ऑन्गरमध्ये सात वर्षे करीतच होते. रोजचे काम ज्याने मनापासून केले, त्याला कठीण प्रसंगी काय करावे हे शोधत बसावे लागले नाही. आपल्यालाही घरात, शेजारात, आजाऱ्याच्या खाटेजवळ अशी लहान कामे रोज मिळतात. ती आपण टाळू नयेत.

या रविवारी समुद्रावर जीव गमावलेल्या सर्वांसाठी, आणि आपल्या माणसांची वाट पाहत बंदरावर उभे राहिलेल्यांसाठी, एक प्रार्थना करू या.