विश्लेषण : लाल-पिवळ्या कार्डामागचे मुख्याध्यापक केन अ‍ॅस्टन कोण होते?

शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत पंच खिशाला हात घालतात तेव्हा मैदानाबाहेरच्या पालकांचाही श्वास क्षणभर अडकतो. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद आणि लाल म्हणजे बाहेर, हे दहा वर्षांच्या मुलालाही शिकवावे लागत नाही. पण १९७० पूर्वी विश्वचषकातही ही कार्डे नव्हती. ती आणली एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा एक फसलेला दिवस होता.

शिक्षक की पंच?

केन अ‍ॅस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१५ रोजी इंग्लंडमधील कोलचेस्टरचा. पेशाने ते शिक्षक. पंचाची परीक्षा ते १९३६ मध्ये उत्तीर्ण झाले. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल आर्टिलरीत होते, नंतर ब्रिटिश भारतीय सैन्यात आले आणि लेफ्टनंट कर्नल झाले. युद्ध संपल्यावर पुन्हा शाळा आणि शिट्टी. १९५३ मध्ये ते न्यूबरी पार्क येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. आठवडाभर वर्ग आणि शनिवारी मैदान, असा तेव्हाच्या इंग्रज पंचांचा शिरस्ता. पंचगिरीवर पोट भरत नसे.

लहानसहान अडचणींवर साधा तोडगा काढायचा, हा त्यांचा स्वभाव. धुक्यात लाइन्समनचे निशाण दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी भडक पिवळी आणि लाल निशाणे वापरायला सुरुवात केली.

सँटियागोत काय घडले?

२ जून १९६२. विश्वचषकात यजमान चिली विरुद्ध इटली. इटालियन पत्रकारांनी चिलीविषयी लिहिलेल्या अपमानास्पद लेखांमुळे वातावरण आधीच पेटलेले. पहिला फाउल अवघ्या १२ सेकंदांत झाला. पुढे थोड्याच वेळात अ‍ॅस्टन यांनी इटलीच्या फेरिनीला बाहेर जायला सांगितले, पण तो जाईना. अखेर पोलिसांनी त्याला मैदानाबाहेर नेले. चिलीच्या सांचेझने ठोसा लगावला (त्याचे वडील मुष्टियोद्धा होते!), तरी तो मैदानातच राहिला. त्याला लाथ मारणाऱ्या इटलीच्या डेव्हिडला मात्र बाहेर काढण्यात आले. चिलीने सामना २-० असा जिंकला. ‘सँटियागोची लढाई’ या नावाने तो आजही कुप्रसिद्ध आहे.

सांचेझला मोकळे सोडणे ही चूकच होती. अ‍ॅस्टन यांच्या चाहत्यांनाही तिचे समर्थन करणे अवघड जाते. पण इंग्रज पंचाने इटालियन खेळाडूला ‘तू बाहेर’ हे पटवायचे कसे, हा प्रश्नही त्या दिवशी उघडा पडला. विश्वचषकात अ‍ॅस्टन यांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही. ‘फिफा’ने मात्र त्यांना बाजूला न टाकता पंचांच्या समितीत घेतले.

कार्डाची कल्पना कशी सुचली?

चार वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा समोर आला. २३ जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना होता. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. रातीन दुभाषा मागत कित्येक मिनिटे तसाच उभा राहिला. त्याची समजूत काढायला अ‍ॅस्टन स्वतः मैदानात उतरले. त्याच सामन्यात आपल्याला ताकीद मिळाल्याचे इंग्लंडच्या जॅक चार्ल्टन यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. मग त्यांनी ‘फिफा’कडे विचारणा केली. खेळणाऱ्यालाच आपली शिक्षा ठाऊक नाही, याला काय म्हणायचे?

वेम्बलीहून गाडीने परतताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरच्या सिग्नलला अ‍ॅस्टन थांबले. पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांबा. याला भाषा लागत नाही! घरी आल्यावर पत्नी हिल्डा यांनी रंगीत कागदाची, खिशात मावतील अशी दोन कार्डे कापून दिली, असे सांगितले जाते.

ती मैदानात कधी आली?

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकात. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये कार्लोस काझेली याला मिळाले. योगायोग असा, की तो चिलीचा! इंग्लंडच्या लीगने मात्र कार्डे १९७६ मध्ये स्वीकारली, १९८१ मध्ये बंद केली आणि १९८७ मध्ये पुन्हा आणली.

मोठ्या सामन्यांपेक्षा या कार्डांचा उपयोग गावोगावच्या मैदानांना अधिक झाला. तिथे लाइन्समन नसतात, ध्वनिक्षेपक नसतो आणि पंच बहुधा एकटाच, कधी तर कुणाचा तरी बाबाच. ओरडून न सांगता तो दोन्ही संघांना आणि पालकांना एकाच वेळी निर्णय कळवू शकतो.

अ‍ॅस्टन यांनाही अशा हौशी पंचांची ओढ होती. उतारवयात अनेक वर्षे ते अमेरिकेत जाऊन मुलांच्या फुटबॉल संघटनेतील स्वयंसेवक पंचांना शिकवत राहिले. यातले बरेचसे पंच म्हणजे खेळणाऱ्या मुलांचे पालकच. १९९७ मध्ये त्यांना ‘एमबीई’ किताब मिळाला. २३ ऑक्टोबर २००१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.