पंढरपुरातून हाकललेल्या चोखोबांची समाधी महाद्वारात कशी?

पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ संत चोखामेळा यांची समाधी आहे. जिवंतपणी मात्र त्यांना या देवळात पाऊल ठेवता आलं नाही.

चोखोबा महार समाजातले, राहायला मंगळवेढ्याला. विठ्ठलाच्या ओढीने ते पंढरपुरात आले. पण देव बाटवल्याचा ठपका ठेवून त्यांना गावाबाहेर काढलं गेलं, असं वारकरी परंपरा सांगते. मग त्यांनी चंद्रभागेपलीकडे झोपडी बांधली आणि देवळासमोर येईल अशी दीपमाळ उभारली.

शेवट मंगळवेढ्यातच झाला. १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर वेठीला राबताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांसह गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून नामदेवांनी ती पंढरपुरात आणल्याची कथा आहे.

पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. घरातले सगळेच अभंग रचत. कर्ममेळाने तर जातीवरून थेट देवालाच जाब विचारला.

देवळाचं दार उघडायला मात्र १९४७ चा मे महिना उजाडला, तोही साने गुरुजींच्या १० दिवसांच्या उपोषणानंतर. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं इंग्रजी पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं.