दादासाहेब फाळके आणि लंडनची खरेदी

३० एप्रिल हा दादासाहेब फाळके यांचा जन्मदिवस. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांची ओळख आपल्या मंडळातील लहानथोर सर्वांना आहे. यंदा आम्ही त्यांच्या आयुष्यातील थोड्या वेगळ्या प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणजे त्यांनी परदेशातून केलेली खरेदी.

त्याला कारणही तसेच आहे. आदिलाबादचे आपले काही तरुण दुकानदार हल्ली चीनमधील यिवूच्या घाऊक बाजारातून थेट माल मागवण्याच्या विचारात आहेत. तिथला एखादा स्थानिक मध्यस्थ गाठायचा, त्याला कमिशन द्यायचे आणि माल इकडे मागवायचा, असा बेत असतो. आम्ही बँकेतून निवृत्त झालेलो, म्हणून ते सल्ला विचारायला येतात. पैसे कोणत्या मार्गाने पाठवायचे हे आम्ही सांगू शकतो. पण समोरचा माणूस कसा पारखायचा, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. तो प्रश्न आला की आम्हाला फाळके आठवतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण अशा अनेक कला हाताखालून घातल्या. गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवत असतानाच प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली आणि छपाईच्या धंद्यात पाऊल टाकले.

परदेशी खरेदीचा पहिला अनुभव त्यांना याच धंद्यात आला. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या छापखान्यासाठी रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. यंत्रे आली, कामही उत्तम होऊ लागले. पण भागीदारीत मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. यंत्रे कंपनीची होती, ती कंपनीतच राहिली. चाळिशी गाठलेला, संसारी माणूस जवळजवळ रिकाम्या हाताने घरी आला.

अशा दिवसांत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांची चित्रे आपणच का हलवू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. मिळतील ती पुस्तके, फिल्मचे तुकडे, लहानसा कॅमेरा घेऊन त्यांचे रात्रंदिवस प्रयोग सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले.

आता खरी यंत्रसामग्री हवी होती आणि ती भारतात नव्हती. लंडनला जायचे तर पैसा हवा. फाळक्यांकडे तारण ठेवण्याजोगे होते ते फक्त आयुर्विम्याचे कागद. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस या स्नेह्यांच्या मदतीने त्यांनी १२,००० रुपयांच्या पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले. बँकेत तारणाचे कागद आयुष्यभर हाताळल्यामुळे आम्हाला या व्यवहाराचे वजन जाणवते. विमा बायकामुलांसाठी असतो. आपण नसलो तर त्यांच्या हाती काही पडावे म्हणून माणूस हप्ते भरतो. फाळक्यांनी तेच पणाला लावले होते. ही खरेदी फसली असती तर सरस्वतीबाई आणि मुले यांच्यामागे काहीही उरले नसते.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिली भागात हिंडताना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी त्यांना दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले.

कॅबर्न यांनी पहिला सल्ला दिला तो या भानगडीत न पडण्याचा. खुद्द इंग्लंडमध्ये चित्रपट काढून हात पोळलेले लोक त्यांना ठाऊक होते. शिवाय भारताच्या हवेत हे काम कितपत जमेल, याचीही त्यांना शंका होती. फाळके मागे हटले नाहीत. या माणसाचा अभ्यास आणि तळमळ खरी आहे, हे कॅबर्न यांनी ओळखले आणि मग मात्र मनापासून मदत केली. त्यांनी फाळक्यांची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओतील सगळे विभाग दाखवले आणि चित्रण प्रत्यक्ष कसे होते तेही पाहू दिले. या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला कडेने भोके पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवली.

तेव्हा एका पौंडाचे १५ रुपये होत. म्हणजे कॅमेरा ७५० रुपयांना पडला. हाती १०,००० असताना ते दिसेल ते यंत्र घेत सुटले नाहीत. दोन आठवडे लंडनमध्ये राहून, काम शिकून, गरजेपुरती खरेदी करून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले.

माल मे महिन्यात आला. सोबत आलेल्या आराखड्यावरून फाळक्यांनी चार दिवसांत सगळी जुळणी केली. वॉल्टनला डोळ्यांनी पाहिले नसते, तर त्या आराखड्याचा किती उपयोग झाला असता? भोके पाडण्याचे काम त्यांनी घरच्यांना शिकवले. दिवसभर घरचे सारे करून सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत हे काम करीत.

तरीही मोठा चित्रपट काढायला आणखी पैसा लागणार होता. त्यासाठी फाळक्यांनी आधी नमुना तयार केला. कुंडीत वाटाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण केले. बियाण्यातून कोंब फुटून वेल होताना मिनिटभरात पडद्यावर दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ हे या छोट्या चित्राचे नाव. ते पाहून नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. ज्या हेपवर्थ यांनी दोन वर्षांपूर्वी स्टुडिओ दाखवला होता, त्यांनीच आता तिथे राहून काम करण्याचा प्रस्ताव ठेवला. फाळक्यांनी तो नाकारला, कारण त्यांना चित्रपट भारतात काढायचे होते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, इकडच्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि संसार पुन्हा ओढाताणीत सापडला. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने त्यांना सावरले. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण मतभेद होऊन ते मध्येच बाहेर पडून काशीला गेले. नंतर परतले, तरी पूर्वीची उभारी राहिली नाही. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे तंगीतच गेली.

हे आयुष्य पाहताना एक गोष्ट आमच्या मनात राहते. फाळक्यांना जाच झाला तो घरच्या बाजूच्या भागीदारीत. सातासमुद्रापलीकडची खरेदी मात्र चोख झाली. ती नशिबाने झाली असे आम्हाला वाटत नाही. भेटलेल्या पहिल्या माणसाने आधी धोका सांगितला. त्या सल्ल्यात त्याचा स्वतःचा फायदा नव्हता. त्याने माल जिथे वापरला जातो ती जागा दाखवली. आणि फाळके स्वतः इतके वाचून गेले होते की सांगितलेले त्यांना कळत होते.

आपल्याला अडत नवी नाही. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाडीत हात घातल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. मग परदेशचा माल फोनवरील फोटो पाहून आणि पूर्ण रक्कम आगाऊ भरून का घ्यावा? नोकरीच्या काळात असा एक ग्राहक आम्ही पाहिला. त्याने न पाहिलेल्या मध्यस्थाला सगळे पैसे एकदम पाठवले. खोकी आली ती वेगळ्याच मालाची, आणि फोन लागेना. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव त्याने मोडली होती. आम्ही नियमाप्रमाणे कागद पाहून रक्कम पाठवली होती. त्याला दोन प्रश्न जास्त विचारले असते तर बरे झाले असते, ही रुखरुख अजून आहे.

म्हणून आपल्या तरुणांना एवढेच सांगणे. मध्यस्थ मालाची केवळ स्तुती करीत असेल तर थांबा. कोणता माल घेऊ नये, हेही जो सांगतो त्याच्याशी पुढे बोला. कमिशन तो आपल्याकडून घेतो की कारखान्याकडूनही, हे स्पष्ट विचारा. आधी नमुना मागवा, तो इथल्या गिऱ्हाइकाला दाखवा, मग मोठी मागणी द्या. आयात-निर्यात कोड आधी काढून घ्या. रक्कम मोठी असेल तर लेटर ऑफ क्रेडिट घ्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याचे कागद आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मात्र बँक कागद तपासते, खोके उघडून पाहत नाही. त्यासाठी माल निघण्यापूर्वी आपल्या भरवशाच्या माणसाकडून तपासून घ्यावा लागतो.

आणि कागद घेऊन आमच्याकडे यायचे असेल, तर पैसे पाठवण्याच्या आधी या. आमच्या घरी चहा नेहमी तयार असतो.