सात वेळा पडून उठलेला विजेता

डेट्रॉईट शहरात १९३२ च्या प्रारंभी हौशी मुष्टियोद्ध्यांच्या लढती सुरू होत्या. सतरा वर्षांचा एक उंचापुरा, अबोल मुलगा आयुष्यात प्रथमच अधिकृत लढतीसाठी रिंगणात उतरला. समोर होता जॉनी मायलर. त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला हा अनुभवी मुष्टियोद्धा होता. नवख्या मुलाला त्याने त्या एकाच लढतीत सात वेळा लोळवले. पराभूताच्या वाट्याला आला तो सात डॉलरच्या वस्तूंचा परवाना. तो घेऊन, सुजलेल्या चेहऱ्याने मुलगा घरी परतला. मुष्टियुद्धाचा नाद सोडून कारखान्यात रोजगार धरावा, असा सल्ला सावत्र वडिलांनी दिला आणि मुलाने तो मानलाही. हाच मुलगा पुढे जवळजवळ बारा वर्षे हेवीवेट गटाचा जगज्जेता राहिला. त्याचे नाव जो लुईस.

जोसेफ लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, लाफायेट गावानजीकच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात झाला. आठ भावंडांतील तो सातवा. वडील मन्रो बॅरो खंडाने जमीन कसत. जो दोन वर्षांचा असतानाच मानसिक आजारामुळे त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. काही वर्षांनी त्यांच्या निधनाची वार्ता आईच्या कानी आली. ती खोटी होती. पण तिच्यावर विश्वास ठेवून आईने पॅट ब्रूक्स यांच्याशी दुसरा विवाह केला. दक्षिणेतील वर्णद्वेष आणि दारिद्र्य यांना कंटाळून १९२६ मध्ये हे कुटुंब डेट्रॉईटला आले. मोटार कारखान्यांच्या या शहरात तेव्हा हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी येत होती.

शाळेत जोचे मन रमले नाही. सुतारकाम शिकवणाऱ्या व्यवसाय शाळेत त्याला घालण्यात आले. मुलाच्या हाती एखादी कला असावी म्हणून आईने व्हायोलिनची शिकवणी लावली आणि त्यासाठी दर आठवड्याला पन्नास सेंट काढून ठेवले. हे पैसे मात्र ब्रूस्टर क्रीडा केंद्रातील कपाटाच्या भाड्यापोटी जाऊ लागले. व्हायोलिनच्या पेटीत हातमोजे लपवून तो सरावाला जात असे, ही कथा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आईला सुगावा लागू नये म्हणून त्याने नावातील बॅरो गाळले, असेही म्हणतात.

केवळ ताकद पुरत नाही

मायलरकडून झालेल्या पराभवाचे कारण जोच्या दंडांत नव्हते. ठोसा जोरकस होता. पण तो केव्हा मारावा, मारल्यानंतर पाय कोठे असावेत आणि हात कोठे परतावेत, याचे भान नव्हते. नवख्या मुष्टियोद्ध्याचे हेच होते. सगळे लक्ष ठोशाच्या जोराकडे लागते. शरीर पुढे झुकते, तोल जातो आणि ठोसा हुकला की प्रतिस्पर्ध्यापुढे हनुवटी आयतीच उघडी पडते.

पराभवानंतर काही महिने जो रिंगणापासून दूर राहिला. मोटार कारखान्यात ट्रकचे अवजड सांगाडे ढकलण्याचे काम त्याला मिळाले. दिवसभराच्या कष्टांनी पाठ दुखून येई. मुष्टियुद्धाची ओढ मात्र सुटत नव्हती. अखेर आईनेच मुलाची बाजू घेतली. ब्रूस्टर केंद्रात ॲटलर एलिस हे प्रशिक्षक होते आणि हॉलमन विल्यम्स हा जोपेक्षा अधिक जाणता तरुण मुष्टियोद्धा तेथे सराव करत असे. विल्यम्सने त्याला पुन्हा हाताशी धरले. डाव्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब कसा मारावा, पाठोपाठ उजवा हात कसा आणावा, हे धडे पहिल्यापासून गिरवले गेले.

परिणाम दिसू लागला. १९३३ मध्ये डेट्रॉईट परिसराच्या ‘गोल्डन ग्लोव्हज’ स्पर्धेत नवोदितांच्या गटात लाइट हेवीवेटचे विजेतेपद त्याने मिळवले. त्याच वर्षी बोस्टन येथे राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या अंतिम लढतीत मॅक्स मारेकने त्याला हरवले. पुढच्या वर्षी मात्र शिकागोची ‘गोल्डन ग्लोव्हज’ स्पर्धा आणि पाठोपाठ एप्रिल १९३४ मध्ये सेंट लुईस येथील राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद त्याने जिंकले. हौशी कारकीर्दीत ५४ लढतींपैकी ५० जिंकल्या, त्यांतील ४३ नॉकआउटने. सात वेळा पडलेल्या मुलाने ही मजल दोन वर्षांत मारली होती.

ब्लॅकबर्नची शाळा

डेट्रॉईटमधील आकड्यांच्या जुगाराचा धंदा करणारे जॉन रॉक्सबरो यांची नजर या मुलावर होती. शिकागोचे ज्युलियन ब्लॅक यांना सोबत घेऊन त्यांनी त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीची सूत्रे हाती घेतली आणि प्रशिक्षक म्हणून जॅक ब्लॅकबर्नची निवड केली. ब्लॅकबर्न हा एकेकाळचा निष्णात लाइटवेट मुष्टियोद्धा. मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून आलेला, मद्यासक्त आणि तिरसट. पण मुष्टियुद्धाची त्याच्याइतकी जाण क्वचितच कोणाला असेल.

आरंभी तो या कामाला तयार नव्हता. त्यामागे कटू अनुभव होता. १९०८ ते १९१५ या काळात जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता होऊन गेला. गोऱ्या अमेरिकेला त्याची बेदरकार राहणी सहन झाली नव्हती. त्यानंतर एकाही कृष्णवर्णीयाला या गटात जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी देण्यात आली नव्हती. ब्लॅकबर्नने शिष्याला स्पष्ट बजावले की, गोऱ्या पंचांकडून गुणांवर न्याय मिळेल ही आशा सोडावी. लढतीचा निकाल स्वतःच्या मुठींनीच लावावा. रिंगणाबाहेरचे नियमही ठरले : हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर हर्ष दाखवायचा नाही, गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढू द्यायचे नाही, ठरवून कोणतीही लढत हरायची नाही.

मग सुरू झाली तंत्राची घडण. राष्ट्रीय हौशी विजेत्याला ब्लॅकबर्नने पुन्हा मुळाक्षरांपाशी आणले. त्याने दाखवलेला पहिला दोष होता तोलाचा. जो ठोसा मारताना केवळ हात वापरत असे. प्रत्येक फटक्यानंतर शरीर डळमळे आणि दुसरा ठोसा मारण्यापूर्वी पाय सावरण्यात मोलाचा क्षण जाई. जोर पायांतून उगम पावतो, कमरेच्या वळणातून खांद्यात येतो आणि मूठ हे केवळ त्याचे शेवटचे टोक असते, हे सूत्र ब्लॅकबर्नने त्याच्या अंगी मुरवले. पाय एकमेकांवर न चढवता, जमिनीवरून जेमतेम उचलत छोट्या पावलांनी पुढे सरकायचे. लांबून हात फिरवून मारायचे नाही. आखूड आणि सरळ ठोसा अधिक लवकर पोहोचतो. एका ठोशावर विसंबायचे नाही; पहिल्याने वाट उघडायची, दुसऱ्या-तिसऱ्याने काम तमाम करायचे. वाळूच्या पिशवीवर आणि आरशासमोर याच हालचाली पुन्हा पुन्हा केल्या जात.

४ जुलै १९३४ रोजी शिकागोत पहिल्या व्यावसायिक लढतीत लुईसने जॅक क्रॅकनला पहिल्याच फेरीत गारद केले. वर्षभरात माजी जगज्जेता प्रिमो कार्नेरा आणि पाठोपाठ दुसरा माजी जगज्जेता मॅक्स बेअर यांनाही त्याने हरवले. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये त्याच्या विजयानंतर लोक रस्त्यांवर उतरून नाचू लागले.

एका सवयीची किंमत

यशाने सरावात शैथिल्य आले. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशी लढत ठरली, तेव्हा लुईसचे मन सरावाऐवजी गोल्फमध्ये गुंतलेले होते. श्मेलिंगने मात्र त्याच्या लढतींच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या होत्या. जॅब मारल्यानंतर लुईसचा डावा हात हनुवटीपाशी न परतता खाली येतो, हा दोष त्याने हेरला. तेवढ्या अवधीत लुईसच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडे आणि श्मेलिंगचा उजवा हात तीच वाट पाहत असे. चौथ्या फेरीत लुईस खाली पडला. बाराव्या फेरीत तो उठू शकला नाही. अजिंक्य मानल्या गेलेल्या मुष्टियोद्ध्याला एका लहानशा सवयीने पाडले होते.

हार्लेममध्ये त्या रात्री माणसे रस्त्यात रडली. लुईस मात्र ब्लॅकबर्नकडे परतला. डावा हात जसा जातो तसाच सरळ परतला पाहिजे, याची घोकंपट्टी सुरू झाली. दोन महिन्यांत त्याने जॅक शार्कीला तिसऱ्या फेरीत हरवले आणि २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत नमवून जगज्जेतेपद पटकावले. जॉन्सननंतर बावीस वर्षांनी बंद दार उघडले होते.

तरीही श्मेलिंगचा हिशेब बाकी होता. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भेटले. हिटलरच्या जर्मनीने श्मेलिंगला वंशश्रेष्ठत्वाचे प्रतीक बनवले होते. प्रत्यक्षात तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि त्याच वर्षीच्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्याने दोन ज्यू मुलांना आश्रयही दिला. जगाच्या दृष्टीने मात्र ही दोन देशांची लढाई होती. ती अवघ्या १२४ सेकंदांत संपली. श्मेलिंग तीनदा कोसळला. ज्या देशात कृष्णवर्णीयांना अनेक हॉटेलांत प्रवेश नव्हता, त्या देशाने एका कृष्णवर्णीयाला आपला वीर मानले.

१९४२ मध्ये लुईस सैन्यात दाखल झाला. नौदल आणि सैन्याच्या मदतनिधींसाठी लढून त्याने दोन लढतींचे मानधन दिले. त्याच वर्षी ब्लॅकबर्नचे निधन झाले. २५ वेळा जगज्जेतेपद राखून १ मार्च १९४९ रोजी लुईसने निवृत्ती जाहीर केली. पण उधळ्या हातांमुळे आणि प्राप्तिकराच्या थकबाकीमुळे त्याला रिंगणात परतावे लागले. १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सने आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला हरवले. मदतनिधीला मानधन देणाऱ्या माणसावरील कराचा बोजा पुढे दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेला. पोटासाठी त्याने कुस्तीचे देखावे केले. अखेरच्या काळात लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांच्या स्वागताचे काम केले.

१२ एप्रिल १९८१ रोजी त्याचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या विशेष परवानगीने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत मॅक्स श्मेलिंगही होता. उतारवयात दोघे जिवलग मित्र झाले होते. मन्रो बॅरो हे जन्मदाते वडील मात्र १९३८ पर्यंत अलाबामाच्या रुग्णालयात जिवंत होते. आपला मुलगा जगज्जेता झाला आहे, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.