विजेची पेटी घेऊन फिरणारा डॉक्टर

फ्रान्समधील बुलोन या बंदरात १८०६ मध्ये जन्मलेल्या गियोम द्युशेन यांनी दर्यावर्दी घराण्याची वाट सोडून वैद्यक निवडले. १८३१ मध्ये पदवी घेऊन ते गावी परतले. दोनच वर्षांत पत्नी बाळंतपणानंतर दगावली. प्रसूतीच्या वेळी ते एकटेच हजर होते, याचे भांडवल करून सासूने कुजबुज पसरवली. तान्हा मुलगाही दुरावला.

१८४२ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. हुद्दा नाही, अध्यापकपद नाही. विजेची पेटी घेऊन सालपेत्रिएर रुग्णालयात खाटांमधून हिंडणाऱ्या या गावाकडच्या डॉक्टरची प्रारंभी थट्टाच झाली. मात्र सुया न टोचता, ओलसर इलेक्ट्रोड त्वचेवर ठेवून नेमका एकच स्नायू आकुंचित करण्याची किमया त्यांना साधली होती. १८५५ च्या ग्रंथात त्यांनी ती मांडली. मेंदूच्या इजेने लुळा पडलेला स्नायू विजेला प्रतिसाद देतो. मज्जातंतूला गंभीर इजा झाली असल्यास तो प्रतिसाद हरपतो. हा भेद त्यांनी रुग्णांवर तपासून दाखवला. पुढे १८७२ च्या आवृत्तीत, जन्मताना ओढाताण होऊन हात लुळा पडलेल्या अर्भकांची नोंदही त्यांनी केली. बाळंतपणाने ज्याचे घर मोडले, त्याच्याच हातून हे घडावे, हे विलक्षणच!

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांना आज फिजिओथेरपीच्या जोडीने विद्युत उत्तेजन दिले जाते, त्याची मुळे या पेटीपर्यंत जातात.

दुरावलेला मुलगा अखेर पॅरिसला येऊन त्यांच्या कामात सहभागी झाला, परंतु वडिलांआधीच निवर्तला. द्युशेन १८७५ मध्ये गेले. नामवंत शार्को त्यांना गुरू मानत.