आरमाराचे वैद्य गार्सिया द ऑर्ता

सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे या गावी गार्सिया द ऑर्ता यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील स्पेनमधून १४९२ साली हाकलून दिलेल्या यहुद्यांपैकी. पुढे १४९७ साली पोर्तुगालनेही यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. त्यामुळे गार्सिया जन्मले ते ख्रिस्ती नाव घेऊनच.

स्पेनमध्ये वैद्यकी शिकून ते लिस्बनला शिकवू लागले. पण नव्या ख्रिश्चनांवर संशयाची नजर असे. मार्च १५३४ मध्ये आरमाराचे सरदार मार्तिम अफोन्सो द सौझा यांचे वैद्य म्हणून ते जहाजावर चढले आणि सप्टेंबरात गोव्याला उतरले.

तो सहा महिन्यांचा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ होता. ताजी फळे, भाजी नसल्याने खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उकलत. वास्को द गामाची अर्ध्याहून अधिक माणसे घरी परतली नव्हती. गोव्यात गलबत लागले की आजाऱ्यांना इस्पितळात न्यावे लागे. क जीवनसत्त्व तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ऑर्ता यांनी पहिली काही वर्षे आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर काढली. युरोपातल्या जुन्या ग्रंथांत इथल्या रोगांना उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी हिंदू वैद्यांना, मुसलमान हकिमांना आणि व्यापाऱ्यांना विचारले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले. मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले होते. तेथल्या आपल्या आंब्याविषयीही त्यांनी लिहिले आहे.

१५६३ साली गोव्यात त्यांचा औषधींवरील ग्रंथ छापला गेला. दोन वैद्यांच्या संवादातून त्यात हिंग, वेलची, आले, कापूर, हळद यांची माहिती येते. पटकीचे वर्णनही आहे आणि त्या रोगाचे देशी नावही. आपल्या आजीच्या तोंडची मोडशी ती हीच. चारच वर्षांत ग्रंथाचा लॅटिन सारांश युरोपात निघाला आणि तेथले वैद्य तो वाचू लागले.

ज्यांनी इतक्यांना बरे केले, त्यांना आपण कोण हे मात्र उघड सांगता आले नाही. मागाहून आई आणि बहिणीही गोव्यात आल्या होत्या. १५६० साली तेथे धर्मन्यायालय बसले. ऑर्ता १५६८ साली वारले आणि त्याच वर्षी बहीण कातारिना हिला पकडले. तिला १५६९ साली जिवंत जाळले. ते मनाने मोशेच्या नियमशास्त्रालाच धरून होते, असे चौकशीत पुढे आले. १५८० साली त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली.

परंपरा सांगते की त्या काळी मुंबईपलीकडे कोकणच्या गावांत बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यासाठी शेजाऱ्यांनी त्यांना कधी छळले नाही; उलट शनिवार तेली हे नावच दिले. मुंबईच्या त्या खंडकऱ्याला मात्र हाच शब्बाथ दार लावून पाळावा लागला असेल.

पणजीत चर्चजवळ ऑर्ता यांच्या नावाची बाग आहे. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या ईडन प्रेरीच्या मुलांनी तेथे थोडा वेळ थांबावे. त्यांना कबर उरली नाही. नाव घ्यायचे ते तेथेच.