वाल्डेमार हाफकिन : प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

हाफकिन हे नाव आपल्याला परळच्या संस्थेमुळे माहीत आहे. चिमूरच्या रुग्णालयात बाळाला पोलिओचे थेंब पाजायला आणणाऱ्या आई-वडिलांनीही ते कधीतरी ऐकलेले असते. ज्या माणसाचे हे नाव, त्याचे आयुष्य साथीच्या काळात प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

ओडेसा ते मुंबई

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते जीवशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. ज्यू असल्यामुळे त्यांना रशियात विद्यापीठाची नोकरी मिळाली नाही. शेवटी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयात काम धरले आणि उरलेल्या वेळात कॉलऱ्यावर संशोधन केले. जुलै १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि हजारो लोकांना ही लस दिली. त्या धावपळीत त्यांना स्वतःला हिवताप जडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले.

लस कशी बनली?

मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. मग उष्णता देऊन ते मारले. मेलेले जंतू आजार देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात. खरा जंतू आला की शरीर लढायला तयार असते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना ती दिली गेली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला.

लस शंभर टक्के संरक्षण देत नव्हती आणि तिचा परिणाम काही महिनेच टिकत असे. तरीही मृत्यू कमी होत होते. आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा अनेकांची भीती गेली.

बळजबरी आणि विश्वास

त्याच वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात सैनिक घरात शिरून रुग्ण शोधू लागले, सामान जाळू लागले. लोकांनी रुग्ण लपवले, रोष वाढला आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हाफकिन यांचा आग्रह मात्र लस स्वेच्छेने घेण्याचा होता. रुग्ण लपला की संसर्ग पसरतो, हे आजही तितकेच खरे आहे.

एका बाटलीची किंमत

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांचे काम थांबवले गेले. पुढे दिसून आले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त होऊन भारतात परतले, पण पूर्वीचे अधिकार त्यांना मिळाले नाहीत. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?

प्लेगचा जंतू जिवाणू आहे, कोरोना विषाणू आहे. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. त्यांतून नवे प्रकार जन्मतात आणि जुन्या लसीचे संरक्षण थोडे कमी होऊ शकते. म्हणून कधी वाढीव मात्रा लागते. याचा अर्थ लस निकामी झाली असा नाही. गंभीर आजार आणि मृत्यू ती बऱ्याच प्रमाणात टाळते. जितक्या कमी लोकांना संसर्ग होईल, तितकी विषाणूला बदलण्याची संधी कमी मिळते.

• लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा चेहरा सुजला तर लगेच दवाखान्यात या.
• सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, हे विचारायला संकोचू नका.
• खोकला-ताप असेल तर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आजार लपवू नका.
• शंका असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

२०२१ मध्ये गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील काही गावांनी सुरुवातीला लसीला नकार दिला होता. अशी भीती समजून घेऊन, माणसाच्या भाषेत उत्तर दिले तरच ती जाते. हाफकिन यांच्या लसीलाही हीच वाट चालावी लागली होती.